कामावरचा जाच : तो ओळखावा कसा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला बोलायला उभे केले आहे खरे. पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि नोकरी मी एक दिवसही केलेली नाही. 'कामाच्या ठिकाणी होणारा मानसिक छळ' असा विषय चिटणीसबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिला तेव्हा मी म्हटले, अहो, हे एखाद्या वकीलबाईंना सांगा. त्यावर त्या म्हणाल्या, वकीलबाई कायदा सांगतील. ओळखायचा कसा ते घरात बसणारीने सांगावे. विचार केल्यावर मला ते पटले. कामावर जाणारे माणूस सकाळी ज्या तोंडाने बाहेर पडते आणि संध्याकाळी ज्या तोंडाने परत येते, ती दोन्ही तोंडे पाहणारे घरात आपणच असतो.

आपल्या कबनुरात कोणीच कामावर जात नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. शेजारी इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून हळूहळू ही सारी पंचक्रोशीच मागावर जगू लागली. पुरुष माग चालवतात, बायका कांड्या भरतात, कोणी सायझिंगला जातात, कोणी वहिफणी करतात. अलीकडे शिकलेल्या मुली गारमेंटमध्ये, दवाखान्यात, दुकानात, पतसंस्थेत जाऊ लागल्या आहेत. समोर बसलेल्यांत अंगणवाडीच्या बाई आहेत, आशाताई आहेत. कामावरून माणूस दमून येते हे आपण सगळ्याजणी धरूनच चालतो. दमलेले माणूस दोन घास खाते, झोपते, आणि सकाळी उठून परत उभे राहते. मी ज्याबद्दल बोलणार आहे ते दमणे नव्हे. त्याने माणूस झोपत नाही आणि खातही नाही.

'मानसिक छळ' हा शब्द पुस्तकी वाटतो. पण आपल्या भाषेत त्याला फार जुना शब्द आहे, आणि इथे बसलेल्या कोणालाही तो समजावून सांगायला नको. तो शब्द म्हणजे सासुरवास.

सासुरवास म्हणजे केवळ मारहाण नव्हे, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. पोर माहेरी आली की आई विचारते, 'काय झालं गं?' आणि पोरीला सांगण्यासारखे काही सापडत नाही. काय सांगणार? आमटीत मीठ जास्त झाले म्हणून पाहुण्यांपुढे हसल्या. सगळ्या जेवायला बसल्या आणि मला हाक मारली नाही. मी खोलीत गेले की बोलणे बंद होते. माझ्या बापाने दिलेल्या भांड्यांवर रोज एक टोमणा असतो. यातली कोणतीही एक गोष्ट वेगळी काढून सांगा. ऐकणारा म्हणणार, एवढ्यावरून रडतेस होय? म्हणून त्या बायका माणसांना सांगण्याऐवजी पहाटे जात्याला सांगत बसल्या. सासरी होणारा मनाचा छळ हाही शरीराच्या छळाइतकाच गुन्हा आहे, हे कायद्यात यायला 1983 साल उजाडावे लागले. ते 498-अ कलम. 2024 च्या जुलैपासून नवी न्यायसंहिता आली आहे, तिच्यात ते 85 आणि 86 या कलमांत गेले आहे.

तोच सासुरवास आता कारखान्यात, कचेरीत, दवाखान्यात होतो. तिथे सासूच्या जागी सुपरवायझर असतो, दिवाणजी असतो, मोठ्या बाई असतात, कधी बरोबरीच्याच चारजणी असतात. आणि तो ओळखण्यात अडचणही तीच येते. तो सुटा सुटा येतो. एकेक तुकडा इतका लहान असतो की ज्याच्यावर बेतते त्यालाच वाटू लागते, आपलेच काहीतरी चुकते आहे.

आमच्या घरातले उदाहरण सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव सांगणार नाही, कारखान्याचेही नाही. तुम्हीही विचारू नका. माझ्या थोरल्या दिरांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी. आमचे घर एकत्र आहे. मुलगी बी. कॉम. झालेली, हिशेबाला पक्की, बोलायला मोकळी. एका गारमेंटमध्ये तयार मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम तिला मिळाले. पहिले सहा-सात महिने उत्तम गेले. दिवाळीला तिने पहिल्या बोनसातून घरातल्या सगळ्या बायकांना पातळे घेतली. पुढे तिथे सुपरवायझर बदलली.

घरी प्रथम दिसले ते डब्यात. मी दोन भाकरी, भाजी आणि चटणी बांधून देत असे. डबा परत येई तो भाकरीचे दोन तुकडे मोडलेला. विचारले तर म्हणे, वेळच मिळाला नाही. मग तिने गजरा माळणे सोडले. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी हसरी असलेली पोर दुपार कलली की गप्प होऊ लागली, आणि संध्याकाळी तिच्या पोटात दुखू लागे. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असले की रात्री नेमके पोट दुखायचे. डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, 'लाडावलीया, दुसरं काय!' एके रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ही स्वयंपाकघरात दिवा लावून बोटांवर आकडे मोजत बसलेली. मला बघून म्हणाली, 'काकी, मी पहिल्यापासनंच विसरभोळी हाय का गं?'

भगिनींनो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. जे मूल चौथीत असताना आख्ख्या गल्लीच्या दुधाचा हिशेब तोंडपाठ सांगत असे, ते चोविसाव्या वर्षी विचारते की मी विसरभोळी आहे का. कामाने दमलेले माणूस 'काम फार आहे' म्हणते. जाच सोसणारे माणूस 'मीच वाईट आहे का' असे विचारते. एवढा एक फरक कळला तरी पुष्कळ कळले.

त्या रात्री चुलीपाशी बसून थोडे थोडे बाहेर आले. कारखान्यातल्या मोबाईलच्या गटातून हिला काढून टाकले होते. मग त्या गटावर दिलेली सूचना कळली नाही म्हणून सगळ्यांदेखत बोलणी. नोंदीची वही हिच्या टेबलावरून उचलून न्यायची आणि अर्ध्या तासाने 'वही कुठाय?' म्हणून ओरडायचे. लघवीला गेली की घड्याळ बघून मोठ्याने मिनिटे मोजायची. आत शिरली की 'आल्या बघा पदवीधर बाई' असे म्हणायचे आणि बाकीच्यांनी हसायचे. खुर्ची काढून घेतली. आठ दिवस ही उभ्याने लिहीत होती. रजा तोंडी द्यायची आणि नंतर 'मी कुठे दिली?' म्हणायचे. हे सगळे तिने मला एका दमात सांगितले नाही. आठवड्यात कधी एक गोष्ट, कधी दोन. आणि प्रत्येक गोष्टीनंतर 'जाऊ दे, एवढं काय नाही' हे ठरलेले.

आमच्याकडे दुधाच्या हिशेबाची वही असते. तसलीच एक कोरी शंभर पानी वही मी तिला दिली आणि म्हटले, रोज रात्री लिही. तारीख, वेळ, काय शब्द बोलले ते जसेच्या तसे, आणि तिथे कोण कोण होते. स्वतःला काय वाटले ते लिहू नकोस, रडगाणे नको. दूध किती आले तेवढेच लिहावे तसे लिही. महिनाभराने आम्ही दोघींनी बसून ती वाचली. सव्वीस दिवसांत तेवीस नोंदी होत्या. त्यांतल्या कामातल्या खऱ्या चुकीबद्दल दोन. बाकीच्या एकवीस तिच्या बोलण्यावर, चालण्यावर, शिक्षणावर, बापाच्या धंद्यावर. त्याच चुका दुसऱ्या मुलींकडूनही झालेल्या होत्या. त्यांना कोणी काही बोलले नव्हते. वाचून झाल्यावर पोर बराच वेळ गप्प बसली, आणि मग म्हणाली, 'म्हंजे मी न्हाई.' सुटी सुटी पाने एका वहीत आल्यावर तिचे तिलाच दिसले.

इथे कोणाचा गैरसमज नको. कामावर रागावणारा प्रत्येक माणूस छळ करतो असे मी म्हणत नाही. कापडात दोष निघाला, तागा खाली आला, तर जॉबर ओरडणारच. मागाच्या खडखडाटात हळू बोलून ऐकू तरी कसे जाईल? माझे यजमान तीस वर्षे मागावर आहेत. त्यांचा पहिला मुकादम तोंडाने फार तिखट होता, पण तो सगळ्यांवर सारखा ओरडे, चूक कुठे झाली ते दाखवी, आणि पाळी सुटली की त्याच माणसाबरोबर चहा पिई. त्याला कोणी छळवादी म्हटले तर यजमानांना राग येतो. म्हणून शब्द किती कडक होता यावरून ठरवू नये. तो एकालाच लागतो की सगळ्यांना, एकदाच की रोज, आणि त्या बोलण्यातून काम कसे सुधारावे ते कळते की नाही, हे पाहावे. पुष्कळदा छळ करणारा आवाजही चढवत नाही. 'तुम्हाला नाही हो जमायचं' हे हसत हसत रोज दोनदा म्हटले की पुरते.

आणि बोलण्यापेक्षा न बोलणे वाईट असते. एखादीशी कोणी बोलूच नये अशी व्यवस्था करणे, ती जेवायला बसली की बाकीच्यांनी उठणे, याला आपण वाळीत टाकणे म्हणतो. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकले तर तो गुन्हा आहे असा कायदा महाराष्ट्राने 2016 साली केला, आणि असा कायदा करणारे आपलेच राज्य देशात पहिले. जेवणाच्या सुट्टीत एका मुलीला वाळीत टाकतात त्यासाठी मात्र कोणी पंचायत भरवत नाही. ते डोळ्यांच्या खुणेने होते.

माझी भाची कॉलेजात आहे. विषय कळल्यावर तिने मला पुष्कळ वाचून दाखवले. स्वीडन देशात हाइन्झ लेमान नावाचे एक विद्वान होऊन गेले. 1980 नंतरच्या वर्षांत त्यांनी कामावरच्या छळाचा अभ्यास केला आणि त्याला 'मॉबिंग' हे नाव रूढ केले. हा शब्द मुळात पक्ष्यांवरून आला आहे म्हणे. लहान पक्षी थव्याने मोठ्या पक्ष्यावर तुटून पडतात ते मॉबिंग. ते ऐकताना मला आमच्या परसातले झाड आठवले. दिवसा घुबड दिसले की कावळे जमतात. एकेक येऊन टोचून जातो, आणि घुबड डोळे मिटून बसून राहते. एकट्या कावळ्याच्या चोचीने घुबड मरत नाही. लेमान यांनी छळाचे 45 प्रकार लिहून काढले, आणि आठवड्यातून निदान एकदा असे निदान सहा महिने चालले तर त्याला छळ म्हणावे, असे माप ठरवले. माप असणे बरे. पण सहा महिने मला फार वाटतात. सहा महिन्यांत डबा किती वेळा परत आला असेल? जिनीव्हाच्या जागतिक कामगार संघटनेने 2019 च्या जून महिन्यात या विषयावर एक करार मंजूर केला, तो 190 क्रमांकाचा. त्यात असे वागणे एकदाच घडले तरी ते धरले आहे, आणि शरीराबरोबर मनाला होणारी इजाही धरली आहे. मला ते जास्त पटते.

आता, लोक असे का वागतात? काहींचा स्वभावच तसा असतो, त्यावर बोलून उपयोग नाही. पण पुष्कळदा त्यात हिशेब असतो, आणि तो हिशेब आपल्याला कळला पाहिजे. एखाद्याला कामावरून काढले तर देणे द्यावे लागते; तो स्वतःच सोडून गेला तर पुष्कळ वाचते. कायम नोकरीची पाच वर्षे भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. चार वर्षे गोड असलेला साहेब पाचव्या वर्षी एकाएकी कडू झाला तर वर्षे मोजून पाहावीत. फ्रान्स देशात टेलिफोनच्या मोठ्या कंपनीने, फ्रान्स टेलिकॉम तिचे नाव, 2006 च्या सुमारास 22,000 माणसे कमी करायचे ठरवले. पुष्कळांची नोकरी सरकारी पद्धतीने पक्की, काढता येईना. मग बदल्या, नको ती कामे, हाताखालची माणसे काढून घेणे असे सुरू झाले. कित्येकांनी जीव दिले. 2019 च्या डिसेंबरमध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीच्या माजी प्रमुखालाच दोषी धरले, आणि 2025 च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम केला. एका माणसाच्या तोंडाळपणाबद्दल ती शिक्षा नव्हती. वरून ठरवून सगळ्यांचे जगणे नकोसे करण्याची रीत हाच छळ आहे, असे तिथे ठरले.

आपल्याकडे ही रीत उचलीतून चालते. लग्नाला, दवाखान्याला मालकाकडून उचल घ्यावी लागते; बहुतेक घरांनी कधी ना कधी घेतली आहे. त्यात लाज नाही. चांगले मालक पगारातून कापून घेतात आणि विषय संपतो. पण एखादा दिवाणजी रोज पाळी सुरू होताना चार माणसांत 'काय पाव्हणं, पैसं कवा फेडताय?' असे विचारतो तेव्हा तो पैसे मागत नसतो. पैसे तर पगारातून कापलेच जात असतात. माणूस काम सोडून जाऊ शकत नाही हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो विचारतो. आणि पुरुष हे घरी सांगत नाहीत. ते मुलाच्या पाठीत धपाटा घालतात, नाहीतर भिंतीकडे तोंड करून झोपतात, नाहीतर घरी येण्याआधी गुत्त्यावर जातात. त्याचे समर्थन मी करीत नाही. पण नवरा बिघडला असे म्हणण्याआधी कामावर काय चालले आहे ते एकदा विचारावे. आणि विचारायचेच तर जेवताना नको. जेवण झाल्यावर, अंधारात, अंथरुणावर विचारावे. तोंड दिसत नसले की पुरुष बोलतात.

एक गोष्ट सांगताना मला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डॉक्टर पायल तडवी हे नाव तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. जळगाव जिल्ह्याकडची, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. एम.बी.बी.एस. आपल्या शेजारच्या मिरजेला सरकारी महाविद्यालयात झाली. म्हणजे आपण ज्या मिरजेला आजाऱ्याला घेऊन जातो, तिथे ती शिकली. 2018 साली बायकांच्या आजारांचे आणि बाळंतपणाचे पुढचे शिक्षण घ्यायला मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयात गेली. 22 मे 2019 रोजी तिने आपले जीवन संपवले. वय 26. तिच्या वरच्या तीन डॉक्टरांनी, त्या तिघीही बायकाच, जातीवरून टोमणे मारले, रुग्णांसमोर अपमान केला, शिकण्याच्या कामापासून दूर ठेवले, असा तिच्या घरच्यांचा आरोप आहे. तिघींना अटक झाली, पुढे जामीन झाला. त्यांनी आरोप नाकारले आहेत. निवाडा करणे न्यायालयाचे काम, माझे नव्हे.

मी ते सांगते ते तिच्या आईसाठी. आबेदाबाई त्यांचे नाव. त्यांना कर्करोग होता आणि उपचारासाठी त्या त्याच रुग्णालयात जात. लेकीशी तिथे कसे वागतात हे आपण डोळ्यांनी पाहिले, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांनी ओळखले होते. तक्रार करावी असे त्यांच्या मनातही होते. पण तक्रार केली तर त्रास वाढेल, शिक्षण बुडेल, असे लेकीला वाटे. घरच्यांनी तोंडी सांगून पाहिले. म्हणजे ओळखणे झाले होते, आणि तरी ओळखण्यापासून वाचवण्यापर्यंतची वाट मोकळी नव्हती. शिकलेल्या, डॉक्टर मुलीच्या घरीही ती मोकळी नव्हती, मग आपल्या शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या बाईची काय कथा? म्हणून ओळख लवकर व्हावी असे मी म्हणते. वाट काढायला वेळ लागतो, आणि तो वेळ हाताशी असावा लागतो.

वाटेबद्दल चिटणीसबाईंनी मला वकीलबाईंकडून विचारून आणायला लावले आहे, ते थोडक्यात सांगते. नुसत्या टोमण्यांविरुद्ध, कामावरच्या अपमानाविरुद्ध असा वेगळा कायदा आपल्या देशात नाही. हे कटू आहे पण खरे आहे. बाईकडे वाईट नजरेने पाहणे, अंगचटीला येणे, घाणेरडे बोलणे, आणि 'ऐकलेस तर ठेवतो, नाहीतर काढतो' ही धमकी, यासाठी 2013 चा कायदा आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवींवर 1992 साली अत्याचार झाला, त्यातून विशाखा निकाल 1997 साली आला, आणि कायदा व्हायला आणखी सोळा वर्षे लागली. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तिथे मालकाने समिती नेमलीच पाहिजे, आणि तिची प्रमुख बाईच असली पाहिजे. दहापेक्षा कमी असतील, म्हणजे आपल्या बहुतेक लहान शेडमध्ये, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ती घ्यायला तालुक्याला अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने सात दिवसांत ती वर पाठवायची असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. अडचण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आणि बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारतात : कधी, काय, कोणासमोर? तेव्हा ती शंभर पानी वही उपयोगी पडते.

या 2013 च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती वकीलबाईंनी सांगितली तेव्हा मी दोनदा विचारून घेतली. कामाचे ठिकाण म्हणजे नुसता कारखाना नव्हे. कोणी घरकामाला येत असेल तर आपले घर हेही त्या बाईचे कामाचे ठिकाण आहे. तिला त्रास झाला तर तीही त्याच समितीकडे जाऊ शकते. आता लैंगिक छळाची गोष्ट वेगळी. पण बाकीचे आपण आपल्याशीच मोजून पाहू. तिचा कप वेगळा असतो का? घरात कानातले हरवले की पहिला संशय कोणावर? तिने एक दिवस खाडा केला तर तिच्या पोरांच्या संख्येवर आपण बोलतो का? गारमेंटमधल्या त्या सुपरवायझर बाईही संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जाऊन चहा करतातच ना. त्याही एखाद्या मंडळात बसत असतील.

पुतणीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आमचे थोरले दीर आणि ती, दोघे वही घेऊन मालकांना भेटले. मालक माणूस वाईट नाही. त्यांनी वही चाळली, 'पोरगी मनाला फार लावून घेते' असे म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी खुर्ची परत आली आणि मिनिटे मोजणे बंद झाले. पंधरा दिवस बरे गेले. नंतर दुसऱ्या तऱ्हेने सुरू झाले. घरात दोन तट पडले. जाऊबाई म्हणत, सोसायचे असते, आम्ही नाही सोसले? दीर म्हणत, सोड. धाकट्या भावाची फी होती, आपल्याच बचत गटाचे कर्ज होते, त्याचा हप्ता होता. शेवटी तिने काम सोडले. आता एका दुकानात हिशेब लिहिते. पगार अठराशे रुपयांनी कमी आहे. गटाने हप्त्याला दोन महिन्यांची सवलत दिली, त्याबद्दल या व्यासपीठावरून आभार मानते. ती पळून आली असे गल्लीत काहीजणींनी म्हटले, ते माझ्या कानावर आले आहे. घराला आग लागल्यावर बाहेर आलेल्याला आपण पळपुटा म्हणत नाही, एवढेच त्यांना सांगते. अजून फोन वाजला की ती दचकते. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात मनाच्या आजारांचा विभाग आहे, तिथे ती दोनदा जाऊन आली. गेली म्हणून कोणी वेडी ठरत नाही. पोटात दुखले तर आपण दवाखान्यात जातोच की.

तिच्या जागेवर आता दुसरी मुलगी बसते, आपल्याच बाजूच्या गावची. पुतणीने तिला निरोप पाठवला आहे, वही घाल म्हणून.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. काही क्रमांक सांगते, ज्यांना हवेत त्यांनी लिहून घ्यावेत. बायकांच्या मदतीसाठी 181. फुकट वकिलासाठी 15100. मनावर फार ताण आला, जगणे नको वाटू लागले, तर 14416; दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलतात. मंडळाच्या कपाटात शंभर पानी वह्यांचा एक गठ्ठा ठेवला आहे, तो आजच्या वर्गणीतून घेतला. ज्या कोणाला हवी असेल तिने कपाटातून घेऊन जावी. कोणासाठी हवी हे सांगायची गरज नाही, आणि नोंदवहीत नावही लिहायचे नाही, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. कपाटाची किल्ली गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे असते, एरवी अध्यक्षीणबाईंकडे.